गारगोटीतली पातळी

खैरपाड्याच्या घाटात रस्ता रुंद करण्यासाठी डोंगर नव्याने कापला होता. त्या ताज्या, काळ्याभोर भिंतीसमोर उज्वला थेटे भूशास्त्राच्या तृतीय वर्षाच्या विद्यार्थ्यांना घेऊन उभी होती. नाशिकहून पेठच्या रस्त्याने निघून आत वळलं की हा घाट लागतो. उज्वला इथे वीस वर्षं येत होती; आधी डॉ. शेखर बोरस्ते यांची विद्यार्थिनी म्हणून, मग त्यांच्याच मार्गदर्शनाखाली पीएचडी करणारी संशोधक म्हणून, आणि दर हिवाळ्यात तासिका तत्त्वावरची प्राध्यापिका म्हणून, सहलीची बस घेऊन. पण आजवर तिने पाहिला होता तो पावसाने तांबूस झालेला, माती आणि शेवाळ्याने माखलेला कडा. त्याचं आतलं अंग आज पहिल्यांदा उघडं पडलं होतं.

“हे थर दिसतात ना,” ती म्हणाली, “यातला प्रत्येक थर म्हणजे लाव्ह्याचा एक पूर. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमीन भेगाळली आणि तो वर आला. थंड होताना त्यातल्या लोहाच्या बारीक कणांनी पृथ्वीच्या चुंबकाची दिशा धरली, आणि दगड गोठला तशी ती दिशाही गोठली. विषुववृत्तावर चुंबकाची सुई आडवी राहते. ध्रुवाकडे जावं तसतशी ती जास्त कलते. म्हणून दगडातली सुई किती कललेली आहे हे मोजलं, की तो दगड कुठल्या अक्षांशावर जन्मला ते कळतं.”

“म्हणजे दगडाचं डोमिसाइल,” मागून राज म्हणाला.

हशा पिकला. “हो,” उज्वला म्हणाली, “आणि त्यासाठी सेतू केंद्रात रांग लावावी लागत नाही.”

“मग पत्ता काय लिहिलाय मॅडम?”

“विषुववृत्ताच्या दक्षिणेला वीस अंश. आज नाशिक उत्तरेला वीस अंशांवर आहे. तेव्हा दक्षिणेला वीस अंशांवर होतं. पृथ्वीने मधोमध आरसा धरावा तसं.”

हे वाक्य बोरस्ते सरांचं होतं. तरुणपणी त्यांनी याच घाटातून दगडाच्या दंडगोल कांड्या छेदून काढल्या, त्यांच्यावर दिशेच्या खुणा पितळी तारेने कोरल्या, दूरच्या प्रयोगशाळेत त्या मोजल्या आणि हा आकडा आणला. इतरांनी इतर डोंगरांतून आणलेले आकडे आणखी दक्षिणेचे होते. सरांनी त्याचा उलगडा असा केला होता की आपल्या घाटातले थर नंतरचे आहेत, तेवढ्या अवधीत जमीन बरीच उत्तरेला आली होती. आकडा सुबक होता. सुबक गोष्टींवर माणसं लवकर विश्वास ठेवतात. व्याख्यानांतून, वर्तमानपत्रांच्या रविवारच्या पानांतून तो ‘नाशिकचा आरसा’ म्हणून फिरला आणि सरांच्या नावाला चिकटला.

“जमीन सरकत आली हे कळलं,” वेदिका म्हणाली. ती वर्गात नेहमी पुढच्या बाकावर बसणारी मुलगी. “पण पुस्तकात खंड वाढतात असंही दिलंय. वाढतात कसे?”

“एक तर असे, खालून लाव्हा चढून. आणि दुसरे कडेने. एक भूपट्ट दुसऱ्याखाली जाताना पाठीवरची बेटं, समुद्रतळाचा गाळ सगळा काही खाली नेत नाही. बराचसा काठाला खरवडला जातो आणि तिथेच चिकटतो, पोळपाटाच्या कडेला कणीक साचते तसा. आपली जमीन तेव्हा वर्षाला जवळजवळ वीतभर सरकत होती. वाटेत जी बेटं आडवी आली ती तिने पुढे ढकलत नेली आणि आशियाच्या अंगाला चिकटवली. आज ती आशियाचीच म्हणून ओळखली जातात.”

“म्हणजे ढापली,” राज म्हणाला.

“भूशास्त्रात त्याला वाढ म्हणतात,” उज्वला म्हणाली, आणि पुन्हा हशा झाला.

मग तिने भिंतीकडे पाहिलं. सुरुंगाने फुटलेल्या पाषाणात ठिकठिकाणी गारगोट्या उघड्या पडल्या होत्या. लाव्ह्यातल्या वायूचे बुडबुडे विझून पोकळ्या राहतात. त्यांत झिरपणारं पाणी गारेचा साका धरत जातं. दरवर्षी ती हे वर्गात टेबलावर एक नमुना ठेवून शिकवत असे. इथे समोर अर्धी भरलेली, आत पांढरे-करडे पट्टे असलेली, हाताच्या ओंजळीएवढी गारगोटी होती. तिने राजच्या हातातली पाण्याची बाटली घेतली आणि गारगोटीच्या शेजारी आडवी धरली.

“बघा. साका नेहमी तळाशी, सपाट बसतो. पट्टे म्हणजे त्या वेळची पातळी. बाटलीतलं पाणी जसं—”

ती थांबली. बाटलीतलं पाणी आडवं होतं. गारगोटीतले पट्टे आडवे नव्हते.

टेबलावरचा नमुना पट्टे सपाट येतील असा फिरवून ठेवता येतो. भिंतीतला येत नाही. तिने पुढची गारगोटी पाहिली, मग त्या पलीकडची. सगळ्यांतले पट्टे एकाच बाजूला, डोंगराच्या आत कललेले होते. आणि सगळे सारखेच कललेले होते.

“मॅडम, हे तिरपे कसे?” वेदिकाने विचारलं.

“मोजू या,” उज्वला म्हणाली. तिने पिशवीच्या तळातून कल मोजायचं यंत्र काढलं. दख्खनच्या पठारावर ते कोणी बाहेर काढत नसे. इथले थर आडवे असतात, ही इथल्या भूशास्त्रज्ञाने विद्यार्थिदशेतच गिळलेली गोष्ट. लाव्ह्याचा पृष्ठभाग ओबडधोबड असतो, त्यावरून थोडासा कल कळतही नाही. ‘दख्खनमध्ये कल मोजणारा आणि वाळवंटात छत्री नेणारा, दोघे सारखेच,’ असं बोरस्ते सर पहिल्याच सहलीत सांगत आणि मुलं हसत. उज्वलाही हसली होती.

विद्यार्थ्यांनी मोजमापं घेतली. सराव म्हणून त्यांना मजा वाटली. उज्वला मात्र मागे सरकत सुलाबाईच्या चहाच्या टपरीपर्यंत आली आणि तिथून तिने अख्खा डोंगर पाहिला. आता माहीत झाल्यावर ते दिसतच होतं. मूळचा कडा मागे होता. समोरचा हा भाग कधीतरी, माणसाच्या आठवणीच्या कितीतरी आधी, त्याच्यापासून सुटून खाली घसरला होता आणि घसरताना मागे रेलला होता, आरामखुर्चीत माणूस रेलतो तसा. या घाटातले सगळे नमुने, सरांचे आणि तिचे, या रेललेल्या भागातले होते.

“च्या ठेवू का मॅडम?” सुलाबाईने विचारलं. “तोंड लय उतरलंय. पोरं ऐकत नाय का?”

“ऐकतात हो,” उज्वला म्हणाली. “ठेवा.”

पंचवटीतल्या दोन खोल्यांच्या घरी ती पोहोचली तेव्हा तिचा नवरा योगेश कुकर लावत होता. तो अंबडच्या एका कारखान्यात पर्यवेक्षक होता. सकाळची पाळी असली की संध्याकाळचा स्वयंपाक त्याच्याकडे असे. तिने ओट्याशीच उभं राहून त्याला सगळं सांगितलं.

“थोडक्यात सांग,” तो म्हणाला. “तुझा थिसिस बरोबर आहे की चूक?”

“मोजमापं बरोबर आहेत. निष्कर्ष चूक आहे. नांदगावकडच्या थरांतून मला अठ्ठावीस अंश दक्षिण मिळाले आणि या घाटातून वीस. दोन्हींतल्या फरकावरून मी जमिनीचा वेग काढला. आता घाटातला दगड अकरा अंश कललेला आहे म्हटल्यावर त्याचेही अठ्ठावीसच येतात. फरकच नाही. मग वेग कशाचा?”

ज्या गोष्टीची वाट त्या दोघांनी लग्नापासून पाहिली होती, ती या उन्हाळ्यात व्हायची होती. कितीतरी वर्षांनी कायमच्या जागा निघाल्या होत्या. त्यात भूशास्त्राची एकच होती. सेट परीक्षा उज्वला कधीच उत्तीर्ण झाली होती. पण उमेदवारांच्या गर्दीत पीएचडी नसलेल्याला कोणी विचारत नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. प्रबंध सादर झाला होता. महिन्याभरात व्हायवा होती. ती आता एक्केचाळीस वर्षांची होती आणि पुढची भरती कधी निघेल हे कोणी सांगू शकत नव्हतं.

“परीक्षक हे विचारतील?” त्याने विचारलं.

“नाही. इथले थर आडवे असतात हे त्यांनाही माहीत आहे.”

“मग झालं की. साडेसहा कोटी वर्षं गप्प बसलेला दगड आणखी चार महिने बसेल गप्प. नोकरी लागू दे, मग सांग त्याला बोलायला.”

“गंमत करू नकोस.”

“गंमत नाही करत. तुझ्या त्या अंशांनी या घरात काय फरक पडतो ते सांग. नोकरीने पडतो.”

तिला एवढंच कळत होतं की परीक्षकांसमोर उभं राहून तिला तो वेग सांगावा लागेल, आणि आपण खोटं सांगतो आहोत हे त्या खोलीत फक्त तिला माहीत असेल. शिवाय तिच्या मनात एक मार्गही तयार झाला होता. गारगोट्यांतल्या पातळीवरून डोंगराचा कल ओळखायचा, ही युक्ती या प्रदेशात कोणी वापरलेली नव्हती. व्हायवात आपणच ती मांडायची, निष्कर्षाचं प्रकरण बदलून देण्याची तयारी दाखवायची. अशा दुरुस्त्यांसह प्रबंध मंजूर होतात. वेग हातचा जाईल, पण पद्धत हाती येईल. फक्त सरांची साथ हवी होती.

“मी सरांशी बोलते,” ती म्हणाली.

“बोल. तुझे सर देवमाणूस आहेत,” योगेश म्हणाला, आणि कुकरची शिटी झाली म्हणून तिकडे वळला.

बोरस्ते सरांचं घर गंगापूर रोडला होतं. महिनाअखेर ते निवृत्त होणार होते. व्हरांड्यात निमंत्रणपत्रिकांचे गठ्ठे पडले होते. उज्वलाने फोटो आणि मोजमापं त्यांच्यासमोर ठेवली आणि अवघडत, आपलीच काही चूक झाल्यासारखं, सगळं सांगितलं.

“पट्टे तिरपे बसू शकतात,” सर लगेच म्हणाले. “पाणी एका बाजूने झिरपलं तर.”

“एखादीत बसतील, सर. इथे सगळ्यांत एकच कल आहे.”

“भिंत सुरुंगाने हलली असेल.”

“भिंत हलली असती तर भेगा दिसल्या असत्या.”

सर फोटो जवळ घेऊन पाहत राहिले. मग त्यांनी एका पत्रिकेच्या पाकिटावर गणित मांडलं. ते त्यांनी दोनदा केलं. आकडे स्वच्छ होते.

“अठ्ठावीस,” ते म्हणाले.

“हो, सर.”

“म्हणजे बाकीचे सगळे बरोबर होते आणि मी...” त्यांनी चष्मा काढला. “उज्वला, मला तेव्हा मुंबईत एकाने विचारलं होतं, कल तपासलात का? मी सगळ्यांसमोर त्याची टर उडवली. सभागृह हसलं. तो बिचारा खाली बसला.”

तिला त्यांची दया आली. दया आली म्हणून तिने हळू आवाजात आपला मार्ग सांगितला: आधी व्हायवा, त्यात ती स्वतः दुरुस्ती मांडेल, मग दोघांच्या नावाने निबंध. सरांनी मान हलवली.

“बरोबर आहे. आधी तुझी व्हायवा. मग बाकीचं सगळं. तू मोठं काम केलंस पोरी. हे फोटो आणि मोजमापं राहू देत माझ्याकडे, नीट बघतो.”

ती परत निघाली तेव्हा तिच्या मनावरचं ओझं उतरलं होतं. वाटेत एका चौकात रिक्षा बराच वेळ अडकली, हॉर्नचा गोंधळ चालला होता, आणि ती त्या गोंधळात प्रबंधाच्या नव्या प्रकरणाची पहिली वाक्यं जुळवत होती.

सत्कार समारंभ व्हायवाच्या आदल्या आठवड्यात झाला. सभागृह भरलं होतं. उज्वलाचे बाहेरचे परीक्षक हे सरांचे जुने स्नेही. ते पुण्याहून मुद्दाम आले होते आणि पहिल्या रांगेत बसले होते. शाल, श्रीफळ, मानपत्र झालं. प्रत्येक वक्त्याने आरशाचा उल्लेख केला. एकाने तर ‘नाशिकला पृथ्वीच्या नकाशावर दोनदा नेऊन ठेवणारे’ असं म्हटलं. सर खाली पाहत होते. उज्वला तिसऱ्या रांगेत होती आणि ती त्यांच्याकडे पाहत होती. प्रत्येक स्तुतीबरोबर त्यांचा चेहरा आक्रसत होता, हे तिला तिथूनही दिसलं.

उत्तराला उभे राहिल्यावर सरांनी खांद्यावरची शाल काढून टेबलावर ठेवली. मग म्हणाले, “मित्रहो, ज्या आकड्यासाठी तुम्ही मला ही शाल दिलीत, तो आकडा चुकीचा आहे.”

पहिल्या रांगेतल्या परीक्षकांनी मान वर केली.

त्यांनी सगळं सांगितलं. घाट, नवी कापणी, गारगोट्या, कललेली पातळी, घसरलेला कडा. त्यांनी ते सुंदर सांगितलं. उज्वलाला इतकं सुंदर कधीच सांगता आलं नसतं. “मला दिसलं,” “माझ्या लक्षात आलं,” “मी गणित पुन्हा मांडलं,” असं ते म्हणत गेले. मुंबईतल्या त्या माणसाची त्यांनी जाहीर क्षमा मागितली. शेवटी म्हणाले, “विज्ञानात माणूस मोठा नसतो, चूक दुरुस्त होणं मोठं असतं. आमच्या विद्यार्थिनी उज्वला थेटे यांनी फोटो घेण्याच्या कामी मोलाची मदत केली, त्यांचे आभार.”

लोक उभे राहून टाळ्या वाजवू लागले. पुढच्या बाईने डोळ्यांना पदर लावला. परीक्षकांनी व्यासपीठावर जाऊन सरांना मिठी मारली. उज्वलाही उभी राहिली, कारण बसून राहिलेली ती एकटीच दिसली असती.

जेवणाच्या वेळी परीक्षक हातात ताट घेऊन तिच्यापाशी आले. सज्जन गृहस्थ होते. “थेटे मॅडम, तुमच्या प्रबंधाचा सगळा डोलारा त्या वीस अंशांवर आहे. आता हे जाहीर झाल्यावर मी पुढच्या आठवड्यात येऊन त्या वेगावर प्रश्न कसे विचारू?”

“सर, मी दुरुस्ती मांडणारच होते. प्रकरण लिहून तयार आहे.”

“मांडणार होतात, पण अजून मांडली नव्हती. आता ती बोरस्त्यांची झाली. त्यांच्या दुरुस्तीवर तुमचा प्रबंध मंजूर केला तर लोक काय म्हणतील? मला तो परत पाठवावाच लागेल. नव्या जागेचे नमुने घ्या, पुन्हा सादर करा. वर्षभराचं तर काम आहे.” मग समजुतीच्या सुरात म्हणाले, “असा गुरू लाभला हीच मोठी पुण्याई. पुरणपोळी घ्या ना, छान झालीये.”

दोन दिवसांनी ती विभागात गेली. सर आपल्या कपाटातले नमुने खोक्यांत भरत होते. चेहरा हलका झाला होता, वय कमी झाल्यासारखा.

“ये, ये. कालपासून फोन थांबत नाहीये बघ. दिल्लीहूनसुद्धा आले. निबंध पाठवलाही मी, छोटासाच आहे.”

“कुणाच्या नावाने, सर?”

“माझ्या. चूक माझी, तर दुरुस्तीही माझ्याच नावावर हवी. तुझं नाव मी मुद्दाम घातलं नाही. करिअरच्या सुरुवातीलाच चुकीशी नाव कशाला जोडायचं तुझं?”

“करिअरची सुरुवात,” उज्वला म्हणाली. “मी एक्केचाळीसची आहे, सर. आणि तुम्ही म्हणाला होतात, आधी तुझी व्हायवा.”

सरांचा हात खोक्यात थांबला. “म्हणालो होतो. पण तिथे उभा राहिलो आणि ते सगळे तोच आकडा पुन्हा पुन्हा... मला सहन होईना. आणखी आठ दिवस ते खोटं अंगावर घेऊन बसायचं? तूच सांग, तू बसली असतीस?”

“मी बसणारच होते. आपलं तसं ठरलं होतं. आता परीक्षक माझा प्रबंध परत पाठवतायत.”

“तुझ्या प्रबंधाचं हे असं होईल, हे माझ्या मनातच आलं नाही गं.”

ते खरं होतं, हे तिला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं. खरोखरच आलं नव्हतं. ते खोटं बोलत असते तर तिला सोपं गेलं असतं.

“चूक तुमची होती, सर. पण ती मला सापडली होती. गारगोटीवरून कल काढायची पद्धतही माझी होती.”

“पद्धत!” सर दुखावले. “अगं, आयुष्यभराची प्रतिष्ठा मी भर सभेत काढून ठेवली, आणि तू मला श्रेयाचा हिशोब विचारतेस? एवढंच शिकलीस माझ्याकडून?”

“तुम्हाला ते परवडलं,” ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. “तुमची बढती, तुमचं पेन्शन, सगळं चुकीच्या अक्षांशावर मंजूर झालं आणि ते आता कोणी परत मागणार नाही. उलट शाल मिळाली. माझा अक्षांश बरोबर आहे, आणि माझा प्रबंध परत येतोय.”

बाहेर शिपाई दुसरं खोकं घेऊन उभा होता. सरांनी त्याला आत यायची खूण केली, आणि मग तिच्याकडे न पाहता म्हणाले, “मी परीक्षकांना फोन करून बघतो.”

त्यांनी फोन केलाही. परीक्षकांनी नियम सांगितला.

मुलाखती मे महिन्यात झाल्या. योगेश म्हणाला, “जाऊन तरी ये. कुणी सांगावं?” ती गेली. आत पाच जण बसले होते. त्यांतले विषयतज्ज्ञ परगावचे, उत्साही माणूस होते.

“बोरस्ते सरांच्या विद्यार्थिनी तुम्ही! मग सरांनी केलेली दुरुस्ती सांगा बघू. कळली कशी ती?”

उज्वलाने सांगितलं. बुडबुडे, साका, पातळी, घसरलेला कडा, अठ्ठावीस अंश. काहीही न गाळता आणि काहीही न वाढवता सांगितलं. विषयतज्ज्ञ मान डोलावत होते.

“वा! याला म्हणतात गुरूचं मोठेपण. तुमची पीएचडी?”

“प्रबंध पुन्हा सादर करायचा आहे.”

“का?”

“तो त्याच घाटावर होता.”

“अस्सं. म्हणजे इतकी वर्षं तुम्ही त्याच घाटात काम करत होतात,” ते जरा पुढे झुकले, “आणि तुमच्या कसं नाही लक्षात आलं हे?”

खोलीत पंखा फिरत होता. उज्वलाला वाटलं, गप्प बसावं. मग वाटलं की निदान एकदा, एका खोलीत, हे वाक्य बोललं गेलं पाहिजे.

“ते माझ्याच लक्षात आलं होतं,” ती म्हणाली. “मी सरांना सांगितलं.”

कोणी रागावलं नाही. अध्यक्षांनी समोरच्या कागदावर काहीतरी पाहिलं. एक बाई होत्या, त्यांनी नजर खिडकीकडे वळवली. दुसऱ्याच्या घरातलं भांडण ऐकू आल्यावर माणसं जशी वळवतात तशी. विषयतज्ज्ञ हसले, पण मघाचं हसू ते नव्हतं.

“यावर तुमच्या नावाने काही प्रसिद्ध आहे?”

“नाही.”

“सरांच्या निबंधात उल्लेख?”

“फोटोंसाठी आभार आहेत.”

“ठीक आहे, मॅडम. धन्यवाद.”

बाहेर व्हरांड्यात पुढचा उमेदवार बसला होता. तिशीही न गाठलेला, कडक इस्त्रीचा शर्ट, मांडीवर फाइल, हातात मोबाइल. त्याची पीएचडी मागच्या वर्षीच झाली होती, हे त्याने तिला सकाळीच सांगितलं होतं.

“काय विचारतात, मॅडम?” तो कुजबुजला.

“खैरपाड्याचा घाट विचारतात.”

“वाटलंच. हे काय, निबंधच वाचतोय.” त्याने मोबाइल पुढे केला. वर सरांचं नाव होतं, खाली तिने काढलेला फोटो. “म्हणजे डोंगर दरीकडे घसरला, म्हणून गारगोटीतली पातळीही दरीकडे झुकली. बरोबर ना?”

तिने फोटोकडे पाहिलं. त्यात दिशेसाठी ठेवलेला तिचा हातोडा होता. आतून त्याचं नाव पुकारलं गेलं आणि तो गडबडीने उठला.

“नाही,” उज्वला म्हणाली. “कडा खाली घसरताना मागे रेलतो. पातळी डोंगराकडे कलते. दरीकडे म्हणू नका, चुकेल.”